अर्धओल्या कुरडयांची राखण

ऐका, लहानांनो. आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच लक्ष देऊन ऐका. कारण ही गोष्ट लहानांची दिसली तरी खरी तुमचीच आहे.

फार जुन्या काळी, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात सलोमी नावाची एक बाई राहत होती. तिने एकदा एक नवस केला होता.

झालं होतं असं. तिचा नवरा सीलास विहिरीचा गाळ काढायला उतरला आणि वरून दरड त्याच्यावर ढासळली. बाहेर काढला तेव्हा त्याची छाती हलतेय की नाही, कोणाला सांगता येईना. सलोमी तिथेच चिखलात गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "प्रभू येशू, याला माघारी दे. दर वर्षी उपवासकाळात मी जेवण कमी करीनच, पण बोलणंही सोडीन. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या पहाटेपर्यंत माझी जीभ तुझ्याशीच बोलेल. माणसाशी नाही."

सीलास वाचला. एक खांदा तेवढा वाकडा राहिला. आणि सलोमीने आपला नवस कधी मोडला नाही. दर वर्षी ते दिवस आले की ती हाताने खुणा करायची, मानेने हो-नाही सांगायची, आणि बाकी सगळं देवाला सांगायची.

सीलास थट्टेने म्हणायचा, "अगं, खरं सांग, हा नवस मी वाचावा म्हणून केलास, की वाचल्यावर मला थोडी शांतता मिळावी म्हणून?"

सलोमी त्याच्याकडे लाटणं रोखायची. लाटणं रोखायला नवसाची आडकाठी नव्हती.

त्या गावात ख्रिस्ती मंडळीचं एक छोटं प्रार्थनामंदिर होतं. मातीच्या भिंती, वर कौलं. आत पुढे शिंदीच्या पानांची एक मोठी चटई आणि मागे लाकडी बाकं. चटईवर लेकरं बसायची. बाकांवर संसारी माणसं. लेकरू वाढलं, त्याचे पाय चटईबाहेर येऊ लागले, की कोणीतरी मायेने सांगायचं, "ऊठ बाळा, तू आता चटईचा नाहीस." मग ते उठायचं. पण बाकावर जागा मिळायची ती लग्न होऊन स्वतःची चूल मांडल्यावर. मधली सगळी वर्षं दाराशी, चपलांच्या ढिगापाशी उभं राहून काढायची.

ही रीत कोणी वाईट मनाने पाडली नव्हती. "आम्हीही उभे राहिलोच की," असं बाकांवरची माणसं म्हणायची. लांब प्रार्थना सुरू झाली की सगळ्यांचे डोळे मिटायचे, आणि उघडायचे तेव्हा दाराशी एकदोन डोकी कमी दिसायची. त्यांतली काही नदीवर भटकत बसायची. काही वाईट संगतीला लागायची. काही घाट ओलांडून गेली ती परत दिसलीच नाहीत. मग बाकांवरची माणसं हळहळायची, "ह्या पोरांना भक्तीच नको," आणि पुढचं भजन सुरू व्हायचं.

त्या वर्षी नाताळात दाराशी एक नवी मुलगी उभी राहिली. तिचं नाव यमीमा. तिचा बाप मंडळीतला वडीलधारा, दर रविवारी शास्त्रपाठ वाचणारा. यमीमा चटईवर होती तोवर लेकरांची सगळी गाणी तीच उचलायची. तिचा आवाज आधी, बाकीची तिच्यामागून. दाराशी गेली आणि गाणं थांबलं. दाराशी उभ्या राहिलेल्यांनी गाणं उचलायचं अशी रीतच नव्हती.

नंतर तिचं बोलणंही थांबलं.

उपवासकाळ लागला आणि त्याबरोबरच उन्हं तापली. उन्हं तापली की घरोघरी वाळवणं. सलोमीच्या कुरडया गावात नावाजलेल्या. ती गहू भिजवायची, रोज पाणी बदलायची, मग वाटून चीक काढायची, आणि पहाटे चुलीवर घाटून सोऱ्याने कुरडया घालायची, अंगणात धुवट लुगड्यावर, रांगेने. एरवी ती शेजारणींना बोलावून, गप्पा मारत हे करायची. पण नवसाच्या दिवसांत एकटीच.

एके सकाळी यमीमाची आई पोरीचा दंड धरून अंगणात आली.

"काकू, हिला बसवा बाई तुमच्या कुरडयांपाशी. कावळे तरी हाकलेल. घरात असली की भिंतीकडे बघत बसते. काय झालं विचारलं तर 'काही नाही.' जेव म्हटलं तर 'भूक नाही.' वडिलांनी चांगले दोन शब्द सांगितले तर उठून जाते. अहो, हीच ना ती, जिला गप्प बसवताना माझा जीव जायचा? मला तर काही कळेनासं झालंय."

सलोमीने मान डोलावली. ओसरीच्या सावलीकडे बोट केलं, हातात काठी दिली. आई गेली.

पहिले काही दिवस दोघीही गप्प. एक नवसामुळे, दुसरी कशामुळे ते तिचं तिलाच ठाऊक. कावळा आला की काठी आपटायची, बस.

मग एक दिवस यमीमाने विचारलं, "काकू, तुम्ही खरंच काही म्हणजे काही बोलणार नाही?"

सलोमीने नकारार्थी मान हलवली.

"मी तुमची कुरडई खाल्ली तर?"

सलोमीने खांदे उडवले. यमीमाने एक ओली कुरडई उचलली आणि तोंडात टाकली. सलोमीने डोळे वटारले. मग तिलाच हसू आलं, आणि तिने चुलीपाशी जाऊन वाटीत गरम चीक काढला, वर दूध घातलं आणि वाटी पोरीपुढे ठेवली. भूक नाही म्हणणाऱ्या पोरीने वाटी चाटून पुसून खाल्ली.

त्या दिवशी यमीमाने स्वतःहून कुरडया उलटायला घेतल्या. वरून कडक झालेल्या दिसत होत्या. तिने एक उचलली, तिचे तुकडे झाले. दुसरी उचलली, तिचेही झाले. "वाळल्यात ना? मग तुटतात का?" ती वैतागली.

सलोमी तिच्याजवळ बसली. पोरीचं बोट धरून तिने अलगद कुरडईच्या खाली सरकवलं. खालून ती ओलीच होती. सलोमीने सूर्याकडे बोट दाखवलं, मग काठीकडे, मग दोन्ही हात मांडीवर ठेवून शांत बसून दाखवलं. म्हणजे, ऊन आपलं काम करील. तू कावळे हाकल, आणि बसून राहा.

यमीमा बसून राहिली. आणि बऱ्याच वेळाने, कुरडयांकडे बघत, म्हणाली,

"काकू, मी म्हटलं की देव नाहीच, तर?"

सलोमीच्या हातातली परात खाली ठेवायची राहिली. जिभेवर एकदम इतकं काही आलं, की नवस नसता तर ती संध्याकाळपर्यंत बोलली असती. अगं, काय बोलतेस हे! तुझ्या बापाचं नाव काय, आणि तू काय बोलतेस! पण जीभ बांधलेली होती. तिने परात खाली ठेवली आणि ती ऐकत राहिली.

"म्हणजे नाहीच असं नाही," यमीमा म्हणाली. "पण बघा ना, प्रार्थनेला डोळे मिटले की मला नुसता काळोख दिसतो. लहान असताना काही तरी वाटायचं. आता नाही वाटत. बाकांवर सगळे किती शांत दिसतात. त्यांना काहीतरी दिसत असणार. मलाच नाही दिसत. मी चटईवर नाही, बाकावर नाही. मी कुठे आहे तेच कळत नाही. आरशात बघितलं तरी वेगळीच कोणीतरी बघते माझ्याकडे. आईला सांगितलं तर रडेल. बाबांना सांगितलं तर शास्त्र काढतील. तुम्हांला सांगितलं, कारण तुम्ही काही म्हणणार नाही."

सलोमी तिच्याजवळ सरकली. तिने पोरीच्या पाठीवर हात ठेवला. संध्याकाळी देवापुढे बसल्यावर मात्र तिने विचारलं, "प्रभू, हे कसलं ओझं दिलंस माझ्याकडे? हिला उत्तर हवंय आणि नेमकं आत्ताच मला बोलता येत नाही. तुला माझा नवस हवा आहे की ही पोर? मला काहीच समजेना."

देवाने त्या दिवशी काही सांगितलं नाही. पोर मात्र रोज येत राहिली. रोज थोडं बोलायची. कधी रडायची, कधी कावळ्यांना नावं ठेवून हसायची. एका कावळ्याला तिने 'शास्त्री' म्हणायला सुरुवात केली, कारण तो छपरावर बसून तेच तेच ओरडायचा. आणि एका दुपारी, कुरडया डब्यात भरता भरता, ती नकळत गुणगुणली. सलोमीने मान वर केली नाही. मान वर केली तर गाणं थांबेल, एवढं तिला कळत होतं.

मग पुनरुत्थानाची पहाट आली. मंदिराची घंटा वाजली आणि सलोमीची जीभ मोकळी झाली.

यमीमा धावत अंगणात आली. "काकू! आता बोला! मला तुमचा आवाज ऐकायचाय!"

आणि सलोमी बोलली. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम बोलली. "अगं बाळा, असं मनातसुद्धा आणू नये. सैतान मोकळ्या मनात घर करतो. पहाटे उठत जा. आईला हातभार लाव. तुझ्या वयाची होते तेव्हा मी दोन घरचं पाणी भरायचे, मला कधी काळोख दिसायला वेळ झाला नाही. आणि ते आरशात बघणं कमी कर."

बोलताना सलोमीला फार बरं वाटत होतं. पोरीने इतके दिवस ज्यांची वाट पाहिली तेच शब्द आपण देत आहोत, असं तिला वाटत होतं. यमीमाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं काकू," आणि हळूच निघून गेली.

सलोमी बघत राहिली. पोर खूश का झाली नाही?

आपल्या बोलण्याने भागत नाही तर प्रार्थनेने भागेल, असं तिच्या मनाने घेतलं. त्याच सकाळच्या उपासनेत पाळकबाबांनी विचारलं, "कोणासाठी प्रार्थना करायची आहे का?" सलोमी उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. तिच्या मनात मायेशिवाय काही नव्हतं.

ती म्हणाली, "आपल्या यमीमासाठी. पोर फार अडचणीत आहे. देव आहे की नाही असं तिला वाटतं. डोळे मिटले की काळोख दिसतो म्हणते. तिच्या विश्वासासाठी सगळ्यांनी प्रार्थना करा."

बाकांवरची सगळी डोकी दाराकडे वळली. चटईवरची लेकरंही वळून बघू लागली. यमीमाचा बाप शास्त्राचं पान धरून उभा होता. त्याने ते मिटलं.

"आपण डोळे मिटू या," पाळकबाबा म्हणाले.

सगळ्यांनी मिटले. मनापासून प्रार्थना झाली, आणि लांबलचक झाली. डोळे उघडले तेव्हा दारात यमीमा नव्हती.

त्यानंतर ती सलोमीच्या अंगणात आली नाही. वाटेत दिसली तर गल्ली बदलायची. बापाने तिला काय काय सुनावलं ते शेजाऱ्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं. सलोमी गोंधळून गेली. तिचं कशात लक्ष लागेना. शेवटचा गहू वाटून तिने चीक काढला, पण त्यात मीठ पडलं की नाही तेही तिला आठवेना.

ती सीलासला म्हणाली, "अहो, मी तिच्यासाठी प्रार्थना मागितली. चहाडी नाही केली. प्रार्थना मागणं पाप कधीपासून झालं?"

सीलास खाटेची सैल पडलेली सुंभं ओढून ताणत होता. त्याने एक गाठ मारली. मग म्हणाला, "प्रार्थनेचं सोड. तिने ते कोणाला सांगितलं होतं?"

"मला."

"मग मंडळीला कोणी दिलं?"

सलोमी खाटेच्या कडेवर बसली.

"मग आता मी काय करू?"

"ते मला काय माहीत?" सीलास म्हणाला. "मी विहिरीत पडलो होतो तेव्हा मला बोललेलं काही ऐकू येत नव्हतं. पण तू काठावर आहेस, एवढं कळत होतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे सलोमीने शेवटच्या कुरडया घातल्या. उजाडून ऊन अंगणात उतरलं. कुरडया वरून वाळायला लागल्या, खालून ओल्या होत्या. तेवढ्यात यमीमाची आई पदर सावरत, धापा टाकत आली.

"काकू, पोर घरात नाही! तिचं पांघरूण नाही, कपडे नाहीत. कापडवाल्यांच्या गाड्या आज घाट चढणार आहेत. त्यांच्याबरोबर जाईन असं भावाला म्हणाली होती. हिचे वडील म्हणतात, जाऊ दे, मला मुलगी नाही. काकू, मी काय करू? तुमच्याशी बोलायची ती. तुमच्याशी तरी बोलायची!"

घाटापलीकडे गेलेल्या पोरी परत येत नव्हत्या. हे त्या दोघींनाही सांगावं लागलं नाही.

सलोमीच्या हातातली कावळ्यांची काठी गळून पडली. तिने कुरडयांकडे एकदा बघितलं. छपरावर 'शास्त्री' येऊन बसलाच होता. मग तिने पदर खोचला आणि ती पळत सुटली. तिच्या वयाच्या बाईने गावातून पळू नये असा रिवाज होता. लोक दारात येऊन बघू लागले. "सलोमीबाई, आग लागली का?" कोणीतरी विचारलं. ती थांबली नाही.

गाड्या चिंचेखालच्या फाट्यावर उभ्या होत्या. गाडीवान बैलांना पाणी दाखवत होते. शेवटच्या गाडीच्या साटीवर, कापडांच्या गठ्ठ्यांमध्ये, यमीमा बोचकं पोटाशी धरून बसली होती.

सलोमी गाडीपाशी आली आणि चाकाला धरून उभी राहिली. दम लागला होता. वाटेत तिने काय काय जुळवलं होतं! पण पोरीचा चेहरा बघितला आणि सगळं विसरली.

"बोला," यमीमा म्हणाली. "आता तर तुम्हांला बोलता येतं ना."

"मला काय बोलावं ते कळत नाही," सलोमी म्हणाली.

यमीमाने चमकून बघितलं.

"तू मला विश्वासाने दिलंस ते मी चारचौघांत मांडलं. चांगलं करायला गेले आणि तुला उघडं पाडलं. मला माफ कर, बाळा. तू नाही केलंस तरी मी समजेन."

"तुम्ही बोलत नव्हता तेव्हाच बरं होतं."

"हो. मलाही आता तसंच वाटतंय."

यमीमाच्या तोंडाचा कोपरा जरासा हलला. मग पुन्हा घट्ट झाला. "आता सगळे मला बघतात. काळोखवाली मुलगी म्हणून बघतात."

सलोमीने इकडे तिकडे बघितलं. गाडीवान लांब होता. ती हळू आवाजात म्हणाली, "एक सांगू? हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सीलासलासुद्धा नाही. मलाही कितीदा डोळे मिटल्यावर काळोखच दिसतो."

"तुम्हांला?"

"मला."

"मग तुम्ही इतकी वर्षं करता काय?"

"बसून राहते. कधी तरी उजाडतं. एखाद्या दिवशी नाहीच उजाडत. मग दुसऱ्या दिवशी परत बसते."

यमीमाने बोचक्याची गाठ घट्ट केली. पुढच्या गाडीचे बैल जुंपले गेले. गाडीवानाने हाळी दिली, "पोरी, यायचंय ना? नीट धरून बस!"

पोरीचा हात धरून खाली ओढावं असं सलोमीला वाटलं. पण तिने आपला हात चाकावरच घट्ट ठेवला.

अचानक यमीमाने विचारलं, "काकू, तुमच्या शेवटच्या कुरडया आज होत्या ना?"

"हो."

"मग त्यांच्यापाशी कोण बसलंय?"

"कोणी नाही."

"कोणी नाही? आणि अजून ओल्या असतील!"

"खालून ओल्या आहेत."

"अहो काकू! तो शास्त्री एकसुद्धा ठेवायचा नाही! वर्षाचं वाळवण आहे ते! तुम्ही टाकून आलात?"

"टाकून आले," सलोमी म्हणाली. "तू इथे होतीस ना."

यमीमा तिच्याकडे बघत राहिली. कुरडयांसाठी जिने कधी कधी मंदिराची घंटाही चुकवली होती, ती ही बाई. मग पोरीने बोचकं आधी खाली टाकलं आणि मागून स्वतः उडी मारली.

"चला लवकर," ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्हांला पळता तरी येतं का नीट?"

त्या दोघी पोहोचल्या तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं. कावळ्यांनी अर्ध्या नेल्या होत्या, शेजारची शेळी उरलेल्यांवरून चालून गेली होती, आणि ती अजून लुगड्याचं टोक चघळत उभी होती. सलोमीने कपाळावर हात मारला. यमीमाने शेळी हाकलली. मग दोघी खाली बसल्या आणि तुकडे वेचू लागल्या. मीठ पडलंच नव्हतं, हेही तेव्हा कळलं. "शास्त्रीबुवांना अळणी जेवण मिळालं," यमीमा म्हणाली, आणि किती दिवसांनी दोघी पोट धरून हसल्या. त्या चुऱ्याची भाजी यमीमाच्या घरीही गेली. तिच्या आईने ती रडत रडत वाढली. बापाने ताट बाजूला सारलं, पण पोरीला घराबाहेर काढलं नाही. त्या दिवशी तेवढंच पुष्कळ होतं.

पुढच्या रविवारी सलोमी मंदिरात आली आणि आपल्या बाकापाशी गेलीच नाही. ती दाराशी, चपलांच्या ढिगापाशी, यमीमाच्या शेजारी उभी राहिली.

"काकू, तुमची जागा रिकामी आहे," कोणीतरी खुणावलं.

"दिसतेय मला," सलोमी म्हणाली.

उपासना लांबली. तिचे गुडघे दुखू लागले. एका पायावरचं ओझं दुसऱ्या पायावर टाकता टाकता तिला कळलं, की इथून पाळकबाबांचा आवाज अर्धा ऐकूच येत नाही. इतकी वर्षं या पोरांनी लक्ष दिलं नाही असं सगळे म्हणत होते. त्यांच्यापर्यंत काही पोहोचतच नव्हतं.

शेवटी पाळकबाबाच थांबले. "सलोमीबाई, काही नवस आहे का हा?"

"नाही बाबा. एक विचारायचं होतं. आपला प्रभू बारा वर्षांचा असताना सणाहून परतताना हरवला होता, तेव्हा तो कुठे सापडला?"

"मंदिरात, गुरुजनांच्या मध्ये बसलेला सापडला. त्यांना प्रश्न विचारत होता."

"त्यांनी त्याला मध्ये बसू दिलं. विचारू दिलं. ऐकून घेतलं. त्या वयात तो आपल्या गावात आला असता, तर आपण त्याला कुठे उभं केलं असतं?"

पाळकबाबांनी दाराकडे बघितलं, चपलांकडे बघितलं. मग सीलास उठला, वाकडा खांदा सावरत बाकाच्या कडेला सरकला, आणि रिकाम्या जागेवर हाताने थोपटून म्हणाला, "पोरी, ये. तुझ्या काकूलाही घेऊन ये, नाहीतर रात्री तिचे गुडघे मला चोळावे लागतील."

आधी हसू फुटलं. मग एकेक बाक करकरू लागलं. कोणी इकडे सरकलं, कोणी तिकडे. प्रत्येक बाकावर एकेक जागा निघाली. इतकी वर्षं त्या जागा होत्याच. कोणी सरकलं नव्हतं एवढंच.

सगळं एका दिवसात सुरळीत झालं असं मात्र समजू नका. दाराशी उभ्या असलेल्यांतला एक जण त्या दिवशीही बाहेर निघून गेला, आणि त्याला माघारी यायला फार काळ लागला. यमीमाच्या बापाने कितीतरी रविवार पोरीकडे न बघता शास्त्र वाचलं. मग एका रविवारी वाचून झाल्यावर तो तिच्या बाकापाशी येऊन थांबला आणि मग तिच्या शेजारी बसला.

हळूहळू त्या मंडळीत नवी रीत पडली. चटईवरून उठणाऱ्या प्रत्येक पोराला बाकावरचं एक मोठं माणूस आपल्याजवळ घेऊ लागलं. आपलं काम त्याच्याबरोबर करू लागलं, त्याचं ऐकू लागलं, आणि ऐकलेलं आपल्यापाशीच ठेवू लागलं. त्या मंडळीतून घाटापलीकडे जाणारे पुढेही गेले. पण जाताना निरोप घेऊन गेले, आणि सणाला परत येऊ लागले.

यमीमाला डोळे मिटल्यावर काय दिसत होतं? सलोमीने कधी विचारलं नाही. पण पुढच्या वर्षी, उपवासकाळात, सलोमीची जीभ पुन्हा बांधलेली असताना, मंदिरात लेकरांचं गाणं अडखळलं. पहिली ओळ कोणी उचलेना. तेव्हा बाकावरून, सलोमीच्या अगदी शेजारून, एक आवाज उठला. थोडा कापरा होता. लेकरं त्याच्यामागून गाऊ लागली.

सलोमीने मान वळवली नाही. तिने डोळे मिटून घेतले, आणि मनातल्या मनात जुन्या नवसाला एक नवा जोडला. "प्रभू, दर वर्षी तुझं एक अर्धओलं लेकरू माझ्या अंगणात पाठव. मी त्याच्यापाशी बसेन."

वरून कडक दिसणारं, आतून ओलं असलेलं लेकरू उपदेशाच्या आधी सोबत मागतं.

ऐकलंत ना? मग माझं एक मागणं ऐका. येत्या रविवारी, उपासना संपायच्या आत, एकदा वळून आपल्या मंदिराच्या दाराकडे बघा. तिथे जे कोणी उभं असेल, त्याच्यासाठी सलोमीसारखा एक नवस तुम्हीही करा, आणि थोडं सरकून बसा.